झिवादिनचं निधनपत्र

स्तोयान्काने खळीचा ब्रश कागदाच्या पाठीवर फिरवला, कागद अक्रोडाच्या खोडावर थापला आणि चारी कोपरे तळहाताने दाबले. काळ्या चौकटीत झिवादिन हसत होता. खाली नाव, जन्मसाल, आणि अंत्यविधी गुरुवारी दुपारी तीन वाजता. ‘शोकाकुल’ या शब्दापुढची जागा तिने कोरीच ठेवली होती.

वरच्या वाडीतलं हे शेवटचं झाड. पिशवीत अजून तीन कागद होते, ते तिने परतताना गिरणीच्या दारावर आणि बसथांब्यावर लावून टाकले.

गावात शूटिंगला आलेल्या सिनेमावाल्यांनी तिच्याकडे अशी निधनपत्रं मागितली होती फक्त पाच. गावात निधनपत्रं छापणारं दुकान तिचं एकटीचं. कुणी गेलं की घरचे आधी धर्मगुरूंकडे जात आणि मग तिच्याकडे. झाडाखांबांवरचे कागद वाचूनच पंचक्रोशीला बातमी कळे. बेलग्रेडहून आलेला रेल्या नावाचा दिग्दर्शक एका वखारमालकाच्या भुताचा सिनेमा काढत होता. हे भूत म्हणे गावभर स्वतःची निधनपत्रं वाचत हिंडतं आणि वय चुकलं, फोटो जुना लावला म्हणून लोकांना चावतं. भुताच्या कामाला त्याने गावचा खराखुरा वखारमालकच उभा केला. झिवादिनला हौस भारी. फोटो घेऊन स्वतः दुकानात आला.

“नाव माझंच टाक. आणि चांगलं ठळक टाक. खरा मेल्यावर बघायला मी थोडाच असणार!”

असं म्हणून तो आपल्याच विनोदावर पोट धरून हसला.

एकवीस वर्षांपूर्वी तो याच काउंटरपाशी उभा होता, तेव्हा हातातला फोटो तिच्या भावाचा होता. वखारीच्या करवतीने बोरिसावचा जीव घेतला त्याच्या दुसऱ्या दिवशी. ‘आमच्या लाडक्या सहकाऱ्यास’ असं त्याने सांगितलं आणि तिने ते स्वतःच्या हाताने छापलं. पुढे याच माणसाने कोर्टात शपथेवर सांगितलं की गडी प्यायलेला होता. बोरिसाव राकिया दारूच्या वासानेही तोंड फिरवायचा, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण वखारीवर ज्यांचं पोट, ते सगळे मूग गिळून बसले आणि झिवादिन करून सवरून नामानिराळा राहिला. बोरा शुद्धीत होता, एवढं एकदा कुणीतरी म्हणावं, यापलीकडे स्तोयान्काने देवाकडे काही मागितलं नव्हतं. देवाने तेही ऐकलं नाही.

म्हणून तिने पाचांवर सिनेमावाल्यांना हवं तसं ‘अल्पशा रक्ततृष्णेने निधन’ छापलं आणि मग विनोद काढून टाकून आणखी चाळीस छापली. ती लावली सिनेमाचा गवगवा जिथे पोचला नव्हता अशा वाड्यांवर. रीतीप्रमाणे माणसं कॉफी-साखर घेऊन त्याच्या दारी यावीत, आणि तो जिवंत आहे हे ऐकून त्यांची तोंडं उतरावीत. ती उतरलेली तोंडं त्याच्या बायकोने पाहावीत. एवढा सूड तिला पुरणार नव्हता, पण हाताशी होता तो हाच.

गुरुवारी सकाळी चौकात शूटिंग होतं. शवपेटीचं झाकण उघडेना, म्हणून भूत आतून हाका मारू लागलं. मग लाथा मारू लागलं. शेवटी पेटीचं बूड निघालं आणि झिवादिन पांढरा रंग फासलेल्या तोंडाने धपकन खाली आला. अख्खा चौक हसून लोळला. ज्या म्हाताऱ्या अंधार पडल्यावर पिशाचाचं नावही घेत नाहीत, त्याच डोळे पुसत ‘पुन्हा, पुन्हा’ म्हणत होत्या.

“मावशी, तुम्ही नाही हसलात?” रेल्याने विचारलं.

“मला भुतं आवडत नाहीत.”

“ती कुणाला आवडतात? माणसाला भ्यायचा कंटाळा येतो हो. म्हणून तो आमचं तिकीट काढतो.”

“काय दिलदार माणूस आहे बाई झिवादिन,” मागून कुणीतरी म्हणालं.

स्तोयान्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक त्याला हसत नव्हते, त्याच्याबरोबर हसत होते. चाळीस कागद छापून तिने याच्या लग्नाची वरातच काढली होती. ती तरातरा दुकानात परतली.

दुपारी मागच्या पायवाटेने वितोमिर आला. वरच्या वाडीचा, वखारीतला जुना गडी. अंगात काळा कोट, हातात कॉफी-साखरेची पुडकी.

“झिवादिनकडे निघालोय. म्हटलं, आधी तुझ्याकडे यावं.”

“माझ्याकडे कशाला, वितोकाका?”

त्याने पुडकी काउंटरवर ठेवली. टोपी काढली.

“बोरा प्यायला नव्हता, पोरी.”

स्तोयान्काने काउंटरची कड घट्ट धरली.

“करवतीवरची लोखंडी जाळी काढलेली होती. काम भराभरा व्हावं म्हणून झिवादिनने काढायला लावली. काढली कुणी? मी. ह्या हातांनी. बोललास तर पोराला कामावरून हाकलीन म्हणाला. पोरगा अजून तिथंच आहे. काल झाडावर कागद वाचला आणि छातीवरचं ओझंच उतरलं बघ. मेलेल्याला काय भ्यायचं?”

‘तो मेलेला नाही’ हे शब्द तिच्या ओठांवर आले. सांगणं भाग होतं. पण हा म्हातारा एकवीस वर्षं रस्त्यात भेटला की तिला ‘बरी आहेस ना’ विचारत होता. तिने शब्द गिळले आणि कोरा कागद त्याच्यापुढे ठेवला.

“लिहून द्या.”

त्याने सावकाश, शाळकरी अक्षरात लिहिलं. जाळी, तारीख, बोरिसाव शुद्धीत होता, आणि ‘मयत झिवादिन यांनी मला धमकावले’. खाली सही केली.

एवढ्यात दार धाडकन उघडलं.

“श्तोयान्का, आणखी दहा छाप गं! वाऱ्यानं शगळी उडाली!”

वितोमिर किंचाळला. पुडकी खाली पडून कॉफी जमिनीभर झाली. पाठ भिंतीला लागेपर्यंत तो मागे सरकला आणि छातीवर भराभर क्रूस काढू लागला.

“अरे, वितो! भ्यालाश की काय?” झिवादिनने तोंडातून प्लास्टिकचे सुळे ओढून काढले. लाळेची तार लोंबली, ती त्याने बाहीला पुसली. “सिनेमा आहे रे, गाढवा! तुमच्या वाडीवर कळलं नाही वाटतं?”

वितोमिर त्याच्याकडे बघत राहिला. घामाने रंग ओघळून मानेच्या वळ्यांत साचला होता.

“तुला माहीत होतं, पोरी?”

“होतं,” स्तोयान्का म्हणाली. तिने कागदावर हात ठेवला. म्हातारा आता तो फाडणार, आणि फाडला तर त्याचा हात धरायचा अधिकार आपल्याला नाही, हे तिला कळत होतं.

वितोमिरचे खांदे हलू लागले. रडतोय असं तिला वाटलं. तो हसत होता. भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होता, आणि आपलीच मजा चालली आहे असं समजून झिवादिनही खो खो हसू लागला.

“याला?” वितोमिरला धाप लागली. “याला भ्यालो मी एवढी वर्षं?”

झिवादिनचं हसू अर्ध्यावर थांबलं. “काय लिहितोयस रे तिथं?”

म्हाताऱ्याने स्तोयान्काचा हात हळूच बाजूला केला. पेन उचललं, ‘मयत’ हा शब्द खोडला, खोडलेल्या जागेशेजारी पुन्हा सही केली आणि कागद झिवादिनला वाचता येईल असा फिरवून त्याच्यापुढे सरकवला.