गेलेले दोन इंच

मित्रांनो, माझ्या अंगावरचा पहिला आकडा तीन आहे. एक आणि दोन केव्हाच गेले. मी कपड्यांची मापं घेणारी एक जुनी टेप आहे, आणि ते दोन इंच कसे गेले हे सांगितल्याशिवाय माझी कहाणी पुढे सरकायची नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पिवळीधमक होते. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतलं आणि गळ्यात अडकवलं. त्यांच्या मुलीला तेव्हा दात येत होते. एके दुपारी तिनं माझं टोक चावून चावून त्याचा पार चोथा केला. बाईंनी तेवढा भाग कात्रीनं उडवला. "दोन इंच गेले तर गेले, वजा करीन," म्हणाल्या. मला फेकलं मात्र नाही.

मुलगी मोठी झाली, पण सुईदोऱ्याच्या वाऱ्यालाही कधी उभी राहिली नाही. शिकली, नोकरीसाठी परदेशी गेली. जाताना बाईंनी मला तिच्या बॅगेत सरकवलं. तिथे कित्येक वर्षं मी एका खणात सुट्या किल्ल्यांच्या सोबतीनं पडून होते. फार वाईट दिवस होते ते.

मग तिचं लग्न ठरलं. घरमालकीणबाईंनी मागची बाग देऊ केली. अट एकच, फुलांचे वाफे तुडवायचे नाहीत. होणाऱ्या जावयानं मला खणातून काढून झाडाखालची जागा मोजली, टेबल कुठे, खुर्च्या कुठे ते ठरवलं. मोजकीच माणसं येणार होती. त्यांत आई नव्हती. बाईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी विमानाचं नावही काढू दिलं नव्हतं.

"मी नसले तरी माझ्या हातचं तुझ्या अंगावर असेल," बाई फोनवर म्हणाल्या. "मापं सांग."

मुलीनं माझ्याकडून मापं घेतली आणि सांगितली.

पोशाख लग्नाच्या आदल्या दिवशी पोचला. तिनं तो अंगात चढवला, पण कमरेचे हुक काही केल्या लागेनात.

"दुकानं अजून उघडी आहेत," जावई चाचरत म्हणाला. "दुसरा आणू या का?"

"दुसरा कशाला हवाय मला?" ती मटकन खाली बसली आणि रडू लागली. त्या पोशाखाशिवाय तिची आई लग्नाला नव्हतीच.

तिनं फोन लावला. पडद्यावर बाईंचा चेहरा उतरला. "असं कसं होईल? टेपेचे दोन इंच मी आठवणीनं वजा केले."

"आई! मी ते वजा करूनच माप सांगितलं होतं!"

"तुला ठाऊक होतं?"

"मीच चावलेत ना ते? लहानपणापासून ऐकतेय."

मुलीला यातलं काही कळत नाही, असं बाई धरून चालल्या होत्या. खरं सांगते, मीही तसंच समजत होते.

"रडू नकोस," बाई म्हणाल्या. "शिवणीच्या आत दोन्हीकडे जादा कापड दाबलंय. कात्री घे. आधी उसव."

दुपारभर आई फोनवरून सांगत गेली आणि लेक उसवून पुन्हा टाके घालत गेली. मी तिच्या गळ्यात होते.

"शिवण वाकडी झाली गं."

"आतून आहे. असू दे."

सकाळी माझ्याकडून कंबर एकदा शेवटची मोजून, हुक लावून ती धावतच बागेत आली. घरमालकीणबाईंनी तिच्या गळ्याकडे बोट दाखवलं. घाईत ती मला काढायला विसरली होती! तिनं हात वर नेला. समोर टेबलावर फोन उभा केला होता. त्यात बाई माझ्याकडेच बघत होत्या, आणि त्यांचा हात नकळत स्वतःच्या मोकळ्या गळ्याकडे गेला होता. मुलीनं हात खाली घेतला. त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत मी आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिचं काय गेलं आणि कोणापायी गेलं, एवढं आठवून पाहा. आणि आपल्या माणसाला काही कळत नाही, असं धरून चालू नका. विचारा.

आता मी खणात नसते, खिळ्याला असते. मुलगी शिवण शिकतेय. हात अजून वाकडा जातो. पण माप सांगण्याआधी ती आईला न चुकता विचारते, "वजा तू करणार, की मी?"