फक्त सोल्युशन

आमच्या सायकलच्या दुकानात एक काचेचं कपाट आहे. चार फळ्या आणि दोन सरकत्या काचा, त्यातली एक सरकत नाही. त्या कपाटात विकायला काय ठेवायचं, हे ठरवायला माझ्या धाकट्या भावाला अडीच आठवडे लागले. तेवढ्या वेळात मी चाळीसेक पंक्चर काढली, नऊ चाकं सरळ केली आणि एका बाईंना तिसऱ्यांदा समजावलं की ब्रेक दाबल्यावर सायकल थांबते, त्याला बिघाड म्हणत नाहीत.

भाऊ म्हणजे आमच्या घरचं शेंडेफळ. सात वर्षं कुठल्याशा ऑफिसात टाय लावून लोकांना काहीतरी विकत होता. नेमकं काय, ते त्यालाही धड सांगता यायचं नाही. ऑफिसने नारळ दिला आणि साहेब घरी आले. आल्या आल्या आईने त्याला आवडतं म्हणून दोन भाज्या केल्या, जणू काही लढाई जिंकून आला होता.

त्याच सुमाराला बाबांचे गुडघे फारच दुखायला लागले. दिवसभर गल्ल्यावर बसणं त्यांना जमेना. ती खुर्ची आता माझीच, असं मी धरून चालले होते. अकरा वर्षं मागच्या खोलीत ग्रीसमध्ये हात घालून बसले होते मी, दुसरं कोण बसणार? पण बाबा म्हणाले, "आधी त्याला कपाट भरू दे. जमलं तर गल्ल्यावर तो बसेल, तू मागचं बघ. तुला काम येतं गं, पण गिऱ्हाईक आलं की तू खेकसतेस."

मी खेकसत नाही. मी खरं बोलते, लोकांना ते जरा मोठ्याने ऐकू येतं.

तर साहेबांनी यादी केली. रंगीत पेनांनी, रकाने पाडून. मोबाइल लावायचा स्टँड. बाटली अडकवायची जाळी. सीटवर चढवायची मऊ गादी. चाकाच्या तारांत लुकलुकणारे दिवे. सहा प्रकारचे आवाज काढणारा हॉर्न, त्यात एक बदकाचा. मी विचारलं, "आणि ब्रेकचे रबर? कुलपं? पंप? मागचा लाल दिवा?"

"ताई, ते मागच्या खोलीत ठेव. पुढे आपण वस्तू नाही विकायच्या."

"मग काय विकायचं? हवा?"

"सोल्युशन्स," तो म्हणाला. "ऑफिसला जाणाऱ्याचं सोल्युशन, फिरायला जाणाऱ्याचं सोल्युशन. प्रत्येकाला त्याचा एक सेट."

आता हे सांगायला हवं की आमच्या धंद्यात सोल्युशन म्हणजे एकच गोष्ट. पंक्चर काढताना ट्यूबवर ठिगळ बसवायला जो चिकट रस लावतात, तो. बोटाएवढ्या नळ्यांमध्ये येतो. ज्याने आयुष्यात एकदा तरी पंक्चर काढलंय त्याला हे माहीत असतं. माझ्या भावाने काढलेलं नव्हतं. लहानपणी त्याची सायकल पंक्चर झाली की तो ती माझ्यासमोर आणून उभी करायचा आणि जेवायला जायचा.

यादीतली ती गादी वाचून तर मी हात टेकले. अर्धा कोस सायकल चालवणाऱ्याला मऊ गादी कशाला, घरी सोफा नाही का? पण गिऱ्हाइकंही तशीच. चेन गंजून लाल झालेली असते आणि विचारतात काय, तर हँडलला कुठला रंग शोभेल. अशा लोकांना असाच दुकानदार मिळायला हवा, असंही मला वाटून गेलं.

माल आम्ही एकाच घाऊकवाल्याकडून घेतो. त्याच्या मुलाने भावाला कॅटलॉग दाखवला होता, दोघांचं गूळपीठ जमलं होतं, सेट बांधून द्यायचंही ठरलं होतं. पण नेमका माल मागवायच्या दिवशी फोन खुद्द म्हाताऱ्या घाऊकवाल्याने उचलला. मी चार पावलांवर वाकडं चाक अडकवून तारा आवळत बसले होते. भाऊ आपल्या ऑफिसच्या आवाजात बोलत होता. "नाही काका, सुटं सामान काही नको. सोल्युशन पाठवा. हो, चारही फळ्या भरतील एवढं."

म्हातारा पलीकडून काहीतरी विचारत राहिला. भावाने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळला. "ताई, ते विचारतायत, फक्त सोल्युशनच पाठवू का. हो म्हणू ना?"

मला सगळं कळलं होतं. तो काय मागतोय तेही आणि म्हातारा काय ऐकतोय तेही. एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. मी चाकावरून नजर न उचलता मान डोलावली.

"हो काका, फक्त सोल्युशन," भाऊ म्हणाला.

पुढचे चार दिवस फार मजेत गेले. साहेब काचा पुसत होते, फळ्यांना निळा कागद लावत होते, आणि मला मागच्या खोलीत एकटीलाच हसू फुटत होतं. एकदा तर आईने डोकावून विचारलं, बरी आहेस ना.

पाचव्या दिवशी सकाळी गाडी आली आणि नऊ खोकी उतरली. बाबा मुद्दाम काठी टेकत आले होते. भावाने पहिलं खोकं फोडलं. नळ्या. दुसरं फोडलं. नळ्या. तिसऱ्याला त्याचा हात मंदावला. चौथं त्याने फोडलंच नाही. आम्हाला वर्षाला एक खोकं पुरतं, आणि वर्षभरानंतर उरलेल्या नळ्या वाळून दगड होतात. म्हातारा उतरवलेला माल परत घेत नाही, हे भावालाही ठाऊक होतं.

बाबांनी एक नळी उचलून नाकाजवळ धरली. "हे कोणी मागवलं?"

"मी."

"सोल्युशन म्हणजे काय ते माहीत नव्हतं?"

"नव्हतं बाबा."

"मग हिला नाही विचारलंस? ही समोरच बसलेली असते ना?"

भावाने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, खोक्यावरची चिकटपट्टी काढायला लागतो तेवढाच. त्याला आठवत होतं. मी मान कशी डोलावली ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं मला स्पष्ट दिसलं, आणि का डोलावली तेही त्याला त्याच क्षणी कळलं. आता बोलेल, म्हणजे संपलं.

"नाही," तो म्हणाला. "विचारायला हवं होतं. माझी चूक झाली."

बाबांनी नळी खोक्यात टाकली. "ठीक आहे. उद्यापासून गल्ल्यावर ही बसेल. तू हिच्या हाताखाली आधी पंक्चर काढायला शीक." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दुकान तुझं. सांभाळ, आणि ह्यालाही सांभाळून घे."

अकरा वर्षं ज्यासाठी काढली ते असं एका वाक्यात हातात पडलं, आणि मला ते धरवेना. ज्याला मी जन्मभर मठ्ठ म्हणत आले, त्याने मला माझ्याच बापापासून वाचवलं होतं. मला माझीच शिसारी आली. बाबा काठी टेकत दारापर्यंत गेले. मान मी डोलावली होती, एवढंच म्हणायचं होतं. तीन-चार शब्द. ते ओठांपर्यंत आले, मी तोंडही उघडलं.

"बघत काय उभा राहिलास?" मी भावावर खेकसले. "उचल ती खोकी, गिऱ्हाईक अडखळेल."

"हो ताई," तो म्हणाला, आणि पहिलं खोकं उचलायला वाकला.