पहिली दोन प्रकरणं त्यांची

नवरा जाऊन सात आठवडे झाले होते. दुपारी चारच्या सुमारास धाकटी सून स्वयंपाकघरात कपबशा विसळत होती आणि बाहेरच्या खोलीत तिच्या नवऱ्याचे मार्गदर्शक, विद्यापीठातल्या इंग्रजी विभागाचे प्रमुख, सासऱ्यांशी बोलत बसले होते. ते काय बोलताहेत याकडे कान द्यावा असं तिला वाटलं नाही. या सात आठवड्यांत तिला फारसं काही वाटतच नव्हतं. कुणी जेव म्हटलं की ती जेवायची, पड म्हटलं की आडवी व्हायची. रडली तेवढी नव्हती. सासूबाईंनी ते मनात धरून ठेवलं होतं.

तिला बाहेर बोलावलं तेव्हा सासरे चष्मा काढून डोळे पुसत होते. सरांनी मोठी बातमी आणली होती. प्रबंधाची पाच प्रकरणं विभागात जमा होती. समारोपाचं प्रकरण झालं की विद्यापीठ तिच्या नवऱ्याला मरणोत्तर डॉक्टरेट देऊ शकत होतं.

"वहिनी, त्याची शैली तुमच्याइतकी कुणाला ठाऊक नाही," सर म्हणाले. "वीस-पंचवीस पानांचं काम आहे. त्याच्यासाठी एवढं कराच."

ती बरं म्हणाली आणि कपबशांकडे परत गेली.

हेच सर नऊ वर्षांपूर्वी तिला नावानं हाक मारत. एम.ए.ला ती त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि संशोधनाला नाव नोंदव म्हणून तेच तिच्या मागे लागले होते. तिनं आणि नवऱ्यानं एकाच दिवशी, एकाच टेबलावर अर्ज भरले. पुढे लग्न ठरलं. एका घरात एकाच वेळी दोन प्रबंध कसे व्हायचे, असा प्रश्न निघाला आणि निघाल्या निघाल्या त्याचं उत्तरही सगळ्यांना माहीत होतं. त्याचं होऊ दे, मग दोन वर्षांनी तुझं. तिची नोंदणी कधी रद्द झाली ते घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर तिच्याही आलं नाही. आणि त्यानंतर कधीतरी सर तिला वहिनी म्हणू लागले.

नवरा वाईट नव्हता, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावं. तो वाईट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतली आजारपणं हा त्याचा विषय. कोण आजारी पडतं, कुणाचं दुखणं चार पानं चालतं आणि कुणाचं एका ओळीत संपतं, हे त्यानं जीव लावून शोधलं होतं. पहिली दोन प्रकरणं त्यानं एकट्यानं लिहिली. तिसरं दोघांनी जेवणाच्या टेबलावर भांडत भांडत पुरं केलं. मग त्याची किडनी गेली. आठवड्यातून तीनदा इस्पितळात यंत्राला लावून पडायचं. तो डोळे मिटून घ्यायचा, ती शेजारच्या स्टुलावर मांडीवर वही घेऊन बसायची. चौथं प्रकरण तिनं तिथेच लिहिलं. कादंबरीत जे आजारी पडत नाहीत, नुसते उशाशी बसतात, त्या बहिणींचं, मावश्यांचं, मोलकरणींचं ते प्रकरण होतं. तिनं वाचून दाखवलं तेव्हा त्यानं डोळे उघडले.

"हे माझ्याच्यानं झालं नसतं," तो म्हणाला.

तरी ते त्याच्या नावानं गेलं. पाचवंही गेलं. टंकलेखनाबद्दल पत्नीचे आभार, ही ओळ त्यानं सांगितली आणि तिनं टाईप केली. तेव्हा दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

समारोप तिनं तीन आठवड्यांत लिहून काढला. अभ्यासाची खोली मोठ्या दिरांनी घेतली होती, त्यामुळे ती जेवणाच्या टेबलावर लिहायची आणि पानं वाढायची वेळ झाली की कागद गोळा करायची. शाई संपावी तसं मन संपलेलं होतं, पण वाक्यं मात्र नीट येत होती. तिला त्याचं नवलही वाटलं नाही.

प्रबंध बाहेरगावच्या एका परीक्षक बाईंकडे गेला. वय झालेल्या, निवृत्त. त्यांनी अहवालात चौथ्या-पाचव्या प्रकरणांची तोंडभर स्तुती केली आणि खाली लिहिलं की प्रबंधात दोन हात दिसतात, मला घरच्यांना भेटायचं आहे. सर दुसऱ्याच दिवशी घरी आले. घाबरायचं कारण नाही, तो सांगत होता आणि तुम्ही उतरवून घेत होता, एवढंच बोला, असं त्यांनी तिला समजावलं. तिनं मान हलवली.

विभागात ठरलेल्या भेटीला सासरे तिच्याबरोबर गेले, सरही तिथे होतेच. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, मुलाच्या नावामागे डॉक्टर लागावं एवढीच ज्याची हौस. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

परीक्षक बाईंनी सांत्वनाचे दोन शब्द बोलून लगेच चौथं प्रकरण उघडलं.

"इथे एका मावशीबद्दल लिहिलंय. ती अकरा रात्री जागते, पण लेखक तिला एकदाही खुर्चीत बसवत नाही. हे मोजलं कुणी?"

"मी," ती म्हणाली.

"आणि लिहिलं?"

सर खाकरले. सासरे घाईघाईनं म्हणाले, "टाईप सगळं हिनंच केलंय, बाई. फार साथ दिली हिनं त्याला."

त्यांचा हात शर्टाची इस्त्री पुन्हा पुन्हा सारखी करत होता. तिला तो दिसला. आत काही हललं असतं तर कदाचित ती खोटं बोलली असती, त्या हाताकडे बघून. पण काही हललं नाही.

"पहिली दोन प्रकरणं त्यांची," ती म्हणाली. "तिसरं आमच्या दोघांचं. चौथं, पाचवं आणि समारोप मी लिहिलाय. त्यांचं मला नको आणि माझं मी देणार नाही."

परीक्षक बाईंनी प्रबंध मिटला. नियम त्यांनी स्वच्छ सांगितला. असा प्रबंध त्याच्या नावानं पास होणार नाही. ही प्रकरणं एकदा दुसऱ्याच्या नावानं आलेली, ती तिच्याही नावानं चालणार नाहीत. तिला नवा विषय घेऊन मुळापासून सुरुवात करावी लागेल.

जिन्यापाशी सरांनी तिला गाठलं.

"दुरुस्त्यांमधलं अक्षर मी ओळखलं होतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पहिल्यापासून."

"मग विचारलं का नाहीत?"

सर विभागाकडे परत वळले. अशी अक्षरं ओळखणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

घरी कुणी तिच्याशी बोलेना. माणूस गेला होताच, हिनं नावही घालवलं, असं सासूबाई आल्यागेल्याला सांगत. तिनं दुसऱ्या मार्गदर्शकांकडे नव्या विषयाला नाव नोंदवलं आणि संध्याकाळी टेबलाच्या एका कडेला वाचत बसू लागली. विभागानं परत पाठवलेला प्रबंध बाहेरच्या कपाटावर पडून होता.

दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी सासरे तो प्रबंध हातात घेऊन तिच्यासमोर येऊन बसले. चौथ्या प्रकरणात शब्दकोशातल्या अर्थांच्या चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या.

"पंधरा दिवस लागले मला," ते म्हणाले. "माझी आई सहा वर्षं अंथरुणावर होती. तुझ्या सासूनं केलं सगळं. ती झोपायची कधी, हे मी एकदासुद्धा विचारलं नाही बघ."

ती पुस्तकातून वर बघत म्हणाली, "मला नका सांगू, बाबा. आईंना विचारा."

सासरे उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आत सासूबाई पाठमोऱ्या उभ्या राहून भांडी लावत होत्या. कुठून सुरुवात करावी ते सासऱ्यांना सुचत नव्हतं.