मधल्या बांधीवरची फवारणी

लॉकडाऊनमध्ये भूपेंद्र पुण्याहून परत आला तो पायांचे फोड घेऊन. कंपनीचं गेट बंद, खोलीमालकानं बाहेर काढलेलं. सानगडीच्या घरी पोचल्यावर आईनं, सुलोचनाबाईंनी, त्याला पेज दिली, आणि तो हातात वाटी धरूनच झोपला.

त्या खरिपात गावातला खतवाला स्वतःच आजारी पडला आणि दुकानाला कुलूप लागलं. सुलोचनाबाईंचे यजमान तुलाराम म्हणाले, "माह्या बापानं केली तशी करू शेती." बापलेकानं धानाच्या बांध्यांत, म्हणजे पाणी साठवायच्या खाचरांत, ढेंचा हे हिरवळीचं खत पेरून ते तिथंच गाडलं, शेणखत टाकलं, धुऱ्यांवर, म्हणजे खाचरांच्या बांधांवर, तूर लावली. परसात वांगी, वाल, दोडके. आठवडी बाजार बंद होता, तेव्हा अर्ध्या गावाची भाजी त्यांच्याच परसातून गेली. बाकीच्यांनीही मग परसं उकरली. आजूबाजूला माणसं मरत होती, पण सानगडीत उपाशी कोणी झोपलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ताप उतरेना म्हणून तुलारामांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथून ते परस्पर घाटावर गेले, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. सुलोचनाबाईंना तोंडसुद्धा दिसलं नाही.

भूपेंद्र मग पुण्याला गेलाच नाही. रुपाशी लग्न केलं आणि बापानं सुरू केलेलं धरून बसला. दुकान उघडल्याबरोबर गाव खताकडे, औषधांकडे वळलं. परसांत पुन्हा गवत माजलं. भूपेंद्रचा धान इतरांपेक्षा कमी व्हायचा, पण बांधीतली माती मऊ झाली होती, पाण्यात मासोळ्या फिरत होत्या. तो हसत म्हणायचा, "माय, माती आता कुठं बरी होऊन राहिली."

यंदा लोंब्या भरायच्या वेळी तुडतुडा आला. धानाच्या बुडाशी बसून रस पिणारी ही कीड एकदा पसरली की उभं शेत करपतं. नेमके त्याच दिवसांत रुपाचे वडील आजारी पडले, म्हणून ती दोघं तिच्या माहेरी कारध्याला गेलेली. शेजारच्या बांधीचे यादोराव पाठीवर पंप घेऊन दारात आले.

"वहिनी, आमी सारे औषध मारून राहिलो. मधात तुमचीच बांधी कोरी. सारा तुडतुडा तिथं जाऊन बसन."

"भूपेंद्र म्हणते, कोळी खातेत त्याले."

"कोळी किती खातीन, वहिनी? जळालं मंग काय कराल?"

सुलोचनाबाईंनी फोन हातात घेतला. लावला असता तर भूपेंद्र नाही म्हणाला असता, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी फोन खाटेवर ठेवला.

"मारा, भाऊजी."

भूपेंद्र परतला तो थेट शेतावर. सुलोचनाबाई मागोमाग गेल्या. मासोळ्या पोट वर करून धुऱ्याला लागल्या होत्या. तो उकिडवा बसला.

"कोणं मारलं?"

"मीच मारायले लावलं."

"काहून, माय? मले एक फोन तं करायचा."

"तुह्या बाबाच्या वक्ताले मी वाट पाहत बसली होती," सुलोचनाबाई म्हणाल्या. "आज ताप उतरन, उद्या उतरन. दवाखान्यात नेलं तवा उशीर झाला होता. यंदा मले वाट पाहणं नाही जमलं."

भूपेंद्रनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तो उठला आणि मेलेल्या मासोळ्या टोपल्यात वेचू लागला. त्याही वेचायला बसल्या.

तुडतुडा काही दिवस दिसला नाही. मग परत आला, आणि आता त्याला खाणारं कोणी उरलं नव्हतं. बांधीत आधी एक वाटोळा डाग पिवळा पडला, मग त्याच्या बाजूला दुसरा, मग सगळंच तपकिरी होऊन आडवं झालं. यादोरावांचंही तसंच झालं. ते धुऱ्यावर येऊन बसले. "दुकानवाल्यानं सांगतलं तसंच मारलो, वहिनी." सुलोचनाबाईंनी त्यांना पाणी दिलं. राग कोणावर काढावा ते त्यांना कळेना.

कापणीला फार काही नव्हतंच. ओल होती तोवर भूपेंद्रनं त्यात लाखोरी या हिवाळी कडधान्याचं बी फेकलं आणि पुण्याला जायला पिशवी भरली. रुपाला म्हणाला, बस्तान बसलं की बोलावतो. बसस्टँडवर सुलोचनाबाईंनी त्याचा दंड धरला.

"माती बरी होईन म्हणत होतास ना? मंग थांब ना गा."

"होईन, माय. पण मले पुन्हा पयल्यापासून सुरू करणं नाही होत." बस आल्यावर म्हणाला, "लाखोरीवर काही मारू नको."

"नाही मारत."

लाखोरी उगवली, पण विरळ. रुपानं कोवळे शेंडे खुडून भाजी आणली आणि निवडायला बसली.

"धुतली का वं?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"धुतली, आई."

त्यांनी टोपली आपल्याकडे ओढली आणि विहिरीवर जाऊन भाजी पुन्हा धुवायला बसल्या. पाणी स्वच्छ निघत होतं, तरी धूतच राहिल्या.