आल्पोचा गिअरबॉक्स

आमच्याकडच्या शर्यतीचा नियम असा, की शर्यत संपली की मैदानातली कुठलीही गाडी ठरलेल्या किमतीला कोणीही परवानाधारक मागू शकतो. पहिल्या आलेल्या गाडीची जी किंमत, तीच चिखलात रुतून बसलेलीची. मागणाऱ्यांच्या चिठ्ठ्या हेल्मेटात टाकतात, एक उचलतात आणि मालकाने किल्ली काढून द्यायची. नाही म्हणालात तर परवाना गेला. मग पुढचा हंगामभर माझ्या टपरीसमोर उभं राहून सॉसेज खात दुसऱ्यांच्या शर्यती बघायच्या.

ज्याने हा नियम केला त्याला माणसं कळत होती. पैसेवाल्याने गाडीत पैसे ओतू नयेत, हा त्याचा हेतू. पण त्यामुळे एक गंमत झाली. आमचा हा पश्चिम फिनलंड बढाईखोरांचा. इथला माणूस नवा ट्रॅक्टर घेतला की तो शेडमध्ये न लावता रस्त्याकडेला लावतो. तोच माणूस शर्यतीच्या गाडीबद्दल मात्र रडगाणं गातो. इंजिन चांगलं असेल तर बॉनेटवर आपल्याच हाताने हातोडे मारून ठेवतो. "गाडी कशी आहे?" विचारलं तर "घरापर्यंत पोचली तरी पुष्कळ," एवढंच. टपरीच्या खिडकीतून मी हे ऐकत असते आणि वेलचीच्या पावाबरोबर गिळत असते.

फक्त आल्पोला हे कधी जमलं नाही.

आल्पो माझ्या बहिणीचा, हिल्काचा नवरा. सगळं आयुष्य बसडेपोत गिअरबॉक्स खोलण्यात गेलं. निवृत्त झाला आणि पाठोपाठ हिल्का गेली. त्यानंतर वर्षभर त्याने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं पान उलटलं नाही. ते मी जाऊन उलटायची. त्याची मुलगी यानिका शेजारच्याच घरात राहते, डेअरीत कामाला जाते आणि उन्हाळाभर शर्यतीत गाडी पळवते.

ऑगस्टच्या शर्यतीत तिच्या गाडीचा तिसरा गिअर सुटायला लागला. वळणावर दांडी हाताने दाबून धरावी लागायची. एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हाताने दांडी. हंगामाची शेवटची शर्यत तीन आठवड्यांवर होती. बापलेक माझ्या अंगणात कॉफीला बसले आणि तिथेच जुंपली.

"भंगारवाल्या रेइयोकडे एक पडलाय," यानिका म्हणाली. "येताना उचलून आणते."

"आत काय आहे त्याच्या?"

"गिअर असतील बाबा. गिअरबॉक्स आहे तो."

"कुणी चालवलाय? तेल कधी बदललंय? माहीत आहे?"

"नाही. आणि मला जाणूनही घ्यायचं नाही. एक शर्यत धावला की झालं."

"आपलाच खोलू. बेअरिंगं नवी घालू, सिंक्रो रिंगा बदलू. दहा वर्षं कोणी हात लावणार नाही."

"दहा वर्षं कोणाकडे? चिठ्ठीत निघाली की गेली गाडी! किंमत तीच मिळणार, आत सोनं घाल नाहीतर दगड घाल. मावशी, तू तरी सांग ह्याला."

हिशेब मला येतो. नुसत्या बेअरिंगांची किंमत भंगारातल्या अख्ख्या गिअरबॉक्सपेक्षा जास्त होती. तीन आठवड्यांच्या संध्याकाळी त्यात धरलेल्याच नव्हत्या. मी तसं म्हणाले. आल्पोने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सॉसेजमध्ये लाकडाचा भुसा घालते.

यानिका त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. खोल."

तिचा हिशेब वेगळा होता, आणि तो माझ्या उशिरा लक्षात आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्पोने दाढी केली. शेडमधल्या बाकावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर दात, कड्या, शाफ्ट असं सगळं ओळीने मांडलं. आम्ही जेवणाला काटे-चमचे मांडतो ना, तसं. मी कॅलेंडर बघायला गेले तर पान आधीच उलटलेलं. पेट्रोलपंपाच्या कॉफीच्या टेबलावरही तो परत जाऊन बसायला लागला. तिथे त्याने सगळ्यांना सगळं सांगितलं. कुठली रिंग झिजली होती, शाफ्ट किती हलत होता, वॉशर स्वतः घासून कसा बसवला. शर्यतीच्या दुनियेत याला वेडेपणा म्हणतात. ऐकणाऱ्यांत डुकरं पाळणारा कालेर्वोही होता. दर शरद ऋतूत तो आपल्या पोरांसाठी एक गाडी चिठ्ठीत उचलतो, आणि कुठली उचलायची हे उन्हाळाभर नुसतं ऐकून ठरवतो.

"म्हणजे आता तिसरा सुटणार नाही?" त्याने विचारलं.

"सुटला तर माझं नाव बदल," आल्पो म्हणाला.

शेवटच्या शर्यतीच्या सकाळी मी सॉसेजची पहिली रांग जाळीवर टाकत होते. यानिका मागच्या दाराने आत आली आणि मोहरीच्या डब्यावर बसली.

"मावशी, कोणाला सांगणार नाहीस ना?"

"सांगेन की नाही ते ऐकल्यावर बघू."

"बाबांचा गिअरबॉक्स गाडीत नाहीये. रेइयोवाला बसवलाय. गुरुवारी बाबा एल्कच्या शिकारीच्या बैठकीला गेला होता, तेव्हा मी आणि रेइयोने बदलला."

त्या बैठकीत आधी वाटाण्याचं सूप असतं, मग प्रत्येक जण गेल्या वर्षीचंच बोलणं पुन्हा बोलतो. तेवढ्या वेळात अख्खी गाडी बदलून होईल.

"का गं?"

"तीन आठवडे बाबा माणसांत होता. ते मी कालेर्वोच्या पोरांना विकू? त्यांनी ते डुकराच्या खाद्यासारखं ढवळायचं?" तिने नाक पुसलं. "शेडमध्ये ठेवलाय. राहू दे तिथेच."

"आणि त्याला कळलं तर?"

"पाच गाड्या एकत्र बोंबलत असतात. कोणाला काय ऐकू येतंय?"

पोरीला बाप अजून पुरता कळला नव्हता.

पहिल्या फेरीला आल्पो माझ्या खिडकीशी कॉफी घेऊन उभा होता. गाड्या सुटल्या. यानिका पहिल्या वळणावर तिसरी होती. सरळ रस्त्यावर तिने गिअर बदलला आणि आल्पोच्या ओठांशी गेलेला कप तिथेच थांबला.

"हा माझा नाही," तो म्हणाला.

मी मोहरीची बाटली पुसायला घेतली.

"माइरे, हा माझा गिअरबॉक्स नाही. हा रडतोय. माझा रडत नव्हता."

"इतक्या आवाजात तुला..."

"तुला माहीत होतं."

मी पुसलेली बाटली पुन्हा पुसली. एवढं उत्तर पुरलं त्याला. त्याने कॉफी गवतावर ओतली आणि कप नीट कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्याची मान कॉलरमध्ये आत गेली. हिल्काच्या अंत्यविधीनंतर ती अशीच आत गेली होती.

"तिचा माझ्यावर भरवसा नाही," तो हळूच म्हणाला. "म्हाताऱ्याकडून काहीतरी राहून गेलं असेल, असं वाटलं असणार. बरोबर आहे. भंगार बरं."

"तुझा शेडमध्ये ठेवलाय. का, ते तिलाच विचार की."

"काय विचारू?"

"आणि आता कालेर्वोला जाऊन सांग, आत भंगार आहे म्हणून. तो चिठ्ठी टाकणार नाही. गाडी वाचेल."

हा सल्ला शहाणा होता. दुसरा कोणीही धावत गेला असता. आल्पोने कालेर्वोकडे पाहिलं. तो कुंपणाला टेकून डोळे मिटून ऐकत होता. पण डुकरांच्या धंद्यात गिअरबॉक्सचं रडणं ओळखायला कोणी शिकवत नाही.

"काय सांगू त्याला?" आल्पो म्हणाला. "माझ्याच पोरीला माझं काम गाडीत नकोसं झालं, हे सांगू? पंपावर उद्या काय बोलतील?"

आणि तो गप्प बसला. आयुष्यात पहिल्यांदा, नेमका नको तेव्हा.

यानिका अंतिम फेरीत दुसरी आली. रेइयोच्या गिअरबॉक्सने रडत रडत का होईना काम केलं. चिठ्ठ्या हेल्मेटात पडल्या. तिच्या गाडीवर तीन होत्या. दोन तिच्याच मैत्रिणींच्या, गाडी घरात राहावी म्हणून टाकलेल्या. तिसरी कालेर्वोची. पंचाने डोळे मिटून हात घातला आणि कालेर्वोचीच काढली.

यानिकाने किल्ली दिली. डोळे कोरडे होते. उलट मला वाटलं, तिने मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला. कालेर्वोने नोटा मोजून दिल्या. तो गाडी ओढायला दोर बांधत होता, तोच आल्पो पुढे झाला.

"थांब. आतला गिअरबॉक्स मी सांगितला तो नाही. तो घरी आहे. गाडी माझ्या शेडपर्यंत आण, बदलून देतो."

"बाबा!"

"काय?"

"नियम काय आहे? गाडी जशी आहे तशी. त्याने मला काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही."

"नियम गाडीचा आहे. त्याने मला विचारलं होतं, आणि मी सांगितलं होतं."

कालेर्वो एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. कुठल्या बाजूने आपला फायदा जास्त याचा अंदाज घ्यायला त्याला वेळ लागत नाही, पण इथे तोही गडबडला. "माझी तक्रार नाही," तो म्हणाला. "भांडू नका बुवा."

"आम्ही भांडत नाही," आल्पो म्हणाला. मग यानिकाकडे न बघता, "तुझा भरवसा नव्हता तर तसं सांगायचंस. मी समजून घेतलं असतं. हात थरथरतात माझे, माहीत आहे मला."

यानिकाने हेल्मेट जमिनीवर टाकलं. "भरवसा नव्हता? भरवसा नव्हता म्हणून मी तो आईच्या लोकरीच्या चादरीत गुंडाळून ठेवला? अरे, तू पुन्हा सकाळी दाढी करायला लागलास त्या गिअरबॉक्समुळे! मला तो ह्याला द्यायचा नव्हता!"

आजूबाजूचे दोनचार जण एकदम आपापल्या चाकांची हवा तपासायला लागले. आमच्याकडे एवढ्या मोठ्याने एवढं बोलत नाहीत.

आल्पोने वाकून हेल्मेट उचललं.

"चादरीत?" तो म्हणाला.

"हो."

"यानिका, चादरीत गुंडाळलेला गिअरबॉक्स काय करतो गं? मी आयुष्यभर जे गिअरबॉक्स जुळवले, ते लोकांना घेऊन फिरले. डॉक्टरकडे, शाळेत, लग्नाला. कोणाला माझं नाव माहीत नव्हतं, आणि तिसरा सुटला नाही. हाही मी फिरायलाच केला होता. तू चालवशील म्हणून केला. तू नाही तर ह्याची पोरं चालवतील."

"ती वाट लावतील त्याची."

"लावू देत. बघू तरी, त्यांच्याने लागते का."

कालेर्वोला यात अपमान झाला की स्तुती, हे कळेना. त्याने दोर घट्ट बांधला.

संध्याकाळी शेडमध्ये बापलेकीने गिअरबॉक्स बदलला. मी उरलेले वेलचीचे पाव घेऊन गेले होते. कालेर्वोने थोडा वेळ दिवा धरला, मग एका हाताने पाव खायला लागला, मग दिवा मला दिला. यानिका गाडीखाली, आल्पो वरून. "डावीकडे." "डावीकडेच आहे." "तुझं डावं की माझं?" "बाबा, डावं एकच असतं." "गाडीखाली नसतं." चादर मी घडी करून हिल्काच्या कपाटात ठेवून आले.

कालेर्वोने गाडी सुरू केली आणि अंगणातून रस्त्यावर नेली. पहिला, दुसरा, तिसरा. आम्ही तिघं ऐकत उभे राहिलो. तिसऱ्याला काहीच ऐकू आलं नाही, आणि आल्पोच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला हसू म्हणायला हरकत नाही.

मग कालेर्वो ती दोराने ओढत घेऊन गेला आणि त्याचे दिवे दिसेनासे झाले. यानिका दारात बसून हाताचं तेल पुसत होती. गाडी गेली होती, तीन आठवड्यांची बेअरिंगं गेली होती. हातात ठरलेली किंमत तेवढी उरली होती. ती अर्धी नुसत्या सुट्या भागांतच गेलेली. मी हिशेब केला आणि तो तिला सांगितला नाही.

आल्पो आत बाकाशी उभा होता. रेइयोचा गिअरबॉक्स त्याच्यासमोर होता. त्याने शाफ्ट हाताने फिरवला, कान लावला, पुन्हा फिरवला.

"रेइयोने कितीला दिला गं हा?"

"फुकट. म्हणाला, घेऊन जा."

"महाग दिला." त्याने बाकावर वर्तमानपत्र पसरलं. "तेराचा पाना दे."

"बाबा, आता आपल्याकडे गाडीच नाही."

"गाडी मिळते," आल्पो म्हणाला. "पाना दे."

यानिका उठली. पाना शोधून दिला आणि त्याच्या शेजारी उभी राहून बोल्ट ओळीने मांडायला लागली.