नाही म्हणण्याची तालीम

त्यांचं आडनाव जोशी असावं, असं पुष्कळांना वाटायचं. तसं काही नव्हतं. भाषणात दर दोन वाक्यांनी ‘जोश’ हा शब्द यायचा म्हणून कुणीतरी त्यांना जोशसर म्हणायला लागलं आणि बघता बघता तेच नाव पाटीवर चढलं. आयुष्यात पुढे कसं जायचं, हे शिकवण्याचा त्यांचा व्यवसाय होता. दर रविवारी सकाळी भाड्याच्या सभागृहात ते स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत, भल्याभल्यांना खुर्च्यांवर उभं करत आणि ‘झोप ही आळशांची चैन आहे’ असं बेंबीच्या देठापासून ओरडत. लोक टाळ्या वाजवत आणि घरी जाऊन पहाटेचे गजर लावत.

बाकीचा सगळा व्याप त्यांची थोरली बहीण सांभाळायची. बँकेतली चांगली नोकरी सोडून ती भावाच्या मदतीला आली होती. सभागृह ठरवणं, फोन घेणं, ते अवजड स्पीकर गाडीत चढवणं-उतरवणं, सगळं ताईच्या अंगावर.

पण गेल्या काही वर्षांत हवा बदलली होती. खुर्च्या रिकाम्या राहत होत्या आणि जे येत त्यांचे प्रश्नही वेगळेच असत. पूर्वी लोक विचारायचे, साहेबांच्या नजरेत कसं भरायचं? आता विचारायचे, सुट्टीच्या दिवशी साहेबांचा फोन नाही उचलला तर चालेल का? एका रविवारी सरांनी गर्जना केली, “शिखर कुणाकुणाला गाठायचंय?” तेव्हा मागच्या रांगेतून शांतपणे आवाज आला, “वर गेल्यावर घरी यायला किती वाजतात, सर?” सभागृह खो खो हसलं. सरही हसले आणि घाईघाईने पुढच्या मुद्द्यावर गेले.

यावर उपाय म्हणून ते आणखी मोठ्याने ओरडायला लागले. घसा बसायचा, गरम पाणी पीत आठवडा काढायचा, की पुन्हा रविवार समोर उभाच. थांबावं असं मनात येई. पण ताईला कुठल्या तोंडाने सांगणार? तिने तर नोकरीवर पाणी सोडलेलं.

अशात एका दुपारी त्यांच्या ऑफिसात एक बाई आल्या. ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची एक खोली आणि तिच्याबाहेर ताईचं टेबल. बाई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, “सर, मला विभागप्रमुख करतायत.”

“अभिनंदन!” सरांचा हात आपोआप हवेत गेला.

“नाही, मला ते नकोय. ते नाकारायचं कसं, एवढं शिकवा.”

सरांचा हात हळूहळू खाली आला. “नकोय? काही अडचण आहे का घरी?”

“काही नाही. मला माझं काम आवडतं. संध्याकाळी घरी जाते, तेही आवडतं. याला आणखी कारण लागतं का? आणि सर, कृपा करून मला पटवू नका. ते काम साहेब रोज करतायत.”

आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही, हा सरांचा नियम. म्हणून त्यांनी तालीम घ्यायचं ठरवलं. “मी तुमचे साहेब. बोला.”

“सर, ते पद… म्हणजे, मला असं वाटत होतं…”

“संधी दारात उभी आहे आणि तुम्ही आतून कडी लावताय?” सर कडाडले.

बाई हळूच म्हणाल्या, “अगदी असंच बोलतात हो ते. शब्दसुद्धा हेच. तुमच्या शिबिराला येऊन गेलेत ना.”

सरांना कुठे बघावं ते कळेना. मग खुर्ची मागे सरकवत म्हणाले, “बरं, उलटं करू. तुम्ही साहेब व्हा. मी नाही म्हणून दाखवतो.”

बाईंना हे भलतंच आवडलं. त्यांनी पदर सावरला, टेबलावर कोपरं रोवली आणि भुवया चढवल्या. सरांनी सुरुवात केली. प्रकृती, घर, जबाबदाऱ्या असं बरंच दळण दळलं. बाई ऐकेनात. “ते सगळ्यांनाच असतं. काहीतरी मार्ग काढू. बोला, कधीपासून सुरू करताय?”

“मला नको आहे,” सर म्हणाले.

“का?”

“दमलोय मी. मला रविवारी घरी असायचंय. मला आता ओरडायचं नाहीये.”

बाईंच्या भुवया जागेवर आल्या. “सर, हे माझं चाललंय की तुमचं?”

सरांनी तोंडावरून हात फिरवला. त्यांना लाज वाटायला हवी होती. पण छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं होतं. “दमलोय ते काढून टाकू,” ते म्हणाले. “‘मला नको आहे’ एवढंच ठेवा. ते बरं उतरलं.” मग दोघांनी तेवढंच घोटलं, बाईंचा आवाज कापायचा थांबेपर्यंत.

त्या गेल्यावर सर बाहेर आले. ताई स्पीकरच्या वायरी गुंडाळत होती.

“ताई, मला रविवारची शिबिरं नको आहेत.”

ताईचे हात थांबले. “या रविवारची?”

“कायमचीच.”

ताई मटकन स्पीकरवरच बसली. सर तिला धरायला पुढे झाले.

“अरे, मग इतके दिवस तोंडाला काय कुलूप लावलं होतंस?” ती म्हणाली. “माझ्या कंबरेचा पार भुगा झालाय हे उचलून उचलून! मला वाटायचं, तुझा जीव आहे त्यात. म्हणून मुकाट मागे बसायचे आणि घड्याळ बघायचे.”

“पण तू बँक सोडलीस माझ्यासाठी…”

“तुझ्यासाठी? आमच्या मॅनेजरचं थोबाड बघवत नव्हतं म्हणून सोडली! तू आयता सापडलास.”

मग जे हसू फुटलं ते दोघांना आवरेना. खालचा चष्मेवाला काय झालं म्हणून जिना चढून बघायला आला.

पुढच्याच आठवड्यात प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. साहेबांनी ‘का?’ म्हणून विचारलं, बाई पुन्हा तेच वाक्य बोलल्या, तेव्हा साहेब छताकडे बघून म्हणाले, “बरं, मग दुसऱ्या कुणाला विचारतो.” एवढ्यावर मिटलं. “या तीन शब्दांसाठी महिनाभर माझ्या डोळ्याला डोळा नव्हता, सर!”

मग सरांनी तेच सुरू केलं. समोरासमोर दोन खुर्च्या आणि माणसाला जे बोलायचं धाडस होत नाही त्याची तालीम. सुरुवातीला दिवसच्या दिवस कुणी फिरकत नसे. जुने चाहते रागावले, कुणी ‘सर थंडावले’ म्हणालं. पण हळूहळू माणसं येत गेली. पोराला शाळेतून आणायला लवकर निघू द्या, हे साहेबांना सांगायचं असलेला बाप आला. घरी बसून कंटाळलेले आणि पुन्हा कामावर जायचंय हे बायकोला सांगायला घाबरणारे निवृत्त आचारी आले.

आणि एक दिवस एक तरुण विक्रेता आला. त्याला बढतीच हवी होती, आणि तीही लगेच. सर क्षणभर गोंधळले. मग त्यांनी त्याचीही तितक्याच मनापासून तालीम घेतली, फक्त त्याला खुर्चीवर उभं केलं नाही.

तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेला तेव्हा ताई पर्स खांद्याला लावत होती. “हा साहेब होणार बघ,” ती म्हणाली.

“होऊ दे की. त्याला हवंय.”

सरांनी दिवे घालवले, कुलूप लावलं आणि दोघं बहीणभाऊ, बाहेर चांगला उजेड होता तेव्हाच, गप्पा मारत जिना उतरले.