नियम चौथा

शैलेंद्र निमकरची नोकरीच मुळी दुसऱ्यांना सावध करण्याची. ह्यूस्टनच्या एका तेल कंपनीत तो सेफ्टी इंजिनीअर होता. कुठला व्हॉल्व्ह कधी दगा देईल, कुठल्या शिडीवरून कोण घसरेल, हे आधी ओळखायचं आणि त्याचे नियम लिहायचे, याचाच त्याला पगार. ह्यूस्टनलगतच्या शुगर लँडमधल्या घरातही तीच तऱ्हा. पाहुणा कितीही जवळचा असो, पूलचं कुलूप काढण्याआधी त्याला पोहता येतं की नाही याची तोंडी परीक्षा व्हायचीच. त्याची बायको सुमेधा सांगायची, "सप्तपदीच्या वेळी सगळे हसत होते आणि हा खाली वाकून फरशी निसरडी आहे का ते बघत होता."

तीन वर्षांपूर्वी या माणसानं कोलंबस गावाच्या पलीकडे बावीस एकर जमीन घेतली. थोडं माळरान, थोडी सीडरची झाडी, मागच्या बाजूनं एक ओढा. जमीन आली तशी बंदूक आली. आधी एक रायफल, मग दुसरी, मग रानडुकरांच्या भीतीनं कमरेला लावायचं पिस्तूल. पण नियमांशिवाय तो शैलेंद्र कसला? त्यानं रीतसर कोर्स केला, बुलडोझर भाड्यानं आणून निशाणांच्या मागे दोन पुरुष उंचीचा मातीचा बांध घातला, आणि पत्र्याच्या शेडच्या भिंतीवर सात नियमांचा लॅमिनेट केलेला इंग्रजी कागद ठोकला. चौथा नियम ठळक अक्षरात होता: बंदुका उघड्यावर असतील तोवर एक मोठं माणूस त्यांच्यापाशी थांबेलच, काहीही झालं तरी. पाचवा असा: अनोळखी माणूस दिसला तर बंदुका रिकाम्या करून पेटीत टाका, कुलूप लावा, आणि रिकाम्या हातानं जाऊन बोला. ऐकत नसेल तर शेरीफला फोन करा. येणाऱ्या प्रत्येकाला तो हा कागद मोठ्यानं वाचायला लावायचा. लोक मनात हसायचे आणि वाचायचे.

शस्त्रपूजेची कल्पना यतीनची. यतीन नागपूरचा, आयटीतला, शैलेंद्रचा अकरा वर्षांपासूनचा मित्र. दर महिन्याला आपली रायफल घेऊन तो या जमिनीवर यायचा.

"तीन-तीन बंदुका घरात, आणि तू दसऱ्याला लॅपटॉपची पूजा करून राहिला? लाज वाटते का नाही बे?" तो म्हणाला. "यंदा दसरा शनिवारी आहे. तिथेच करू, मस्त झेंडू-बिंडू लावून."

शैलेंद्रला ते एकदम पटलं. खरं सांगायचं तर आवडलं. ज्याच्या सात पिढ्यांत कुणी कोयत्यापलीकडे हत्यार धरलं नव्हतं, त्या निमकरांच्या घरी शस्त्रपूजा! सावध माणसालाही मिशीला पीळ द्यावासा वाटतोच कधीतरी, आणि मिशी नसली म्हणून काही अडत नाही.

दसऱ्याच्या दिवशी सकाळभर दोघांनी निशाणं मारली. तरी शैलेंद्रचं अर्धं लक्ष झाडीकडे होतं. दहाच दिवसांपूर्वी ओढ्याकाठच्या झाडावर लावलेला त्याचा कॅमेरा कुणीतरी पट्टा कापून नेला होता. तेव्हापासून कमरेचं पिस्तूल तो भरलेलंच ठेवायचा.

विजय मुहूर्त दुपारी दोन-पस्तीसचा. शेडमध्ये फोल्डिंग टेबल मांडलं, त्यावर सुमेधाची जुनी पैठणी अंथरली. दोन्ही रायफली शैलेंद्रनं नियमाप्रमाणे रिकाम्या केल्या, यतीनकडून त्याची करवून घेतली, तिन्ही टेबलावर ठेवल्या. आपट्याची पानं टेक्सासात कुठून आणणार? शैलेंद्र-सुमेधाची नऊ वर्षांची मुलगी सिया हिनं कुंपणाजवळच्या रेडबडच्या झाडाची पानं तोडून आणली होती. पान सबंध, पण आपट्याचं चुलतभावंड शोभेल असं. सुमेधा निरांजन लावून घाई करत होती, "अहो, मुहूर्त टळतोय!" तेवढ्यात शैलेंद्रला कमरेची आठवण झाली. त्यानं पिस्तूल काढलं आणि रायफलींच्या शेजारी ठेवलं. हळद-कुंकू झालं, फुलं झाली, आरती झाली. यतीननं फोटो काढून मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, 'शस्त्रपूजन, टेक्सास स्टाइल'. ते पिस्तूल मात्र कुणी रिकामं केलं नाही. ते करायचं शैलेंद्रनं, आणि शैलेंद्र हात जोडून उभा होता.

सुमेधा शेडमागच्या ट्रेलरमध्ये पुऱ्या तळायला गेली. सिया टेबलापाशी पानांची रास लावत बसली. आणि यतीन हळूच म्हणाला, "शैल्या, ओढ्याकडे बघ. माणूस."

सीडरच्या झाडीत एक फिकट टोपी दिसली आणि दिसेनाशी झाली.

आता नियम पाठ असलेल्या माणसानं काय करायला हवं होतं, ते भिंतीवर लिहिलेलं होतं, त्याच्याच डोक्याच्या वर. पण त्याला दिसला तो फक्त कॅमेऱ्याचा कापलेला पट्टा. त्यानं टेबलावरची रायफल उचलली, फुलं खाली सांडली, धावता धावताच गोळ्यांचं मॅगझिन चढवलं. यतीननं आपली उचलली. "सिया, इथंच बस, हलू नकोस!" एवढं ओरडायला शैलेंद्र विसरला नाही. म्हणजे मुलगी हलू नये याची काळजी घेतली, आणि तिला ज्याच्याजवळ बसवलं ते मात्र ध्यानात आलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते असं.

ओढ्याकाठी कुणी नव्हतं. गेल्या आठवड्याच्या पुरानं तिथली कुंपणाची तार वाहून गेली होती आणि चिखलात बुटांचे ठसे होते, ताजे. दोघं झाडीत दहा-बारा मिनिटं शोधत राहिले. शैलेंद्रला भीती वाटत होती, आणि खोटं कशाला बोला, मजाही वाटत होती. आपल्या जमिनीवर, हातात रायफल घेऊन, चोराच्या मागावर. मग ते वळले, आणि वळल्यावर त्याला शेड दिसली.

टेबलापाशी एक परका माणूस उभा होता. पाठमोरा, उंच, फिकट टोपीतला. त्याच्या हातात काहीतरी काळं होतं आणि सिया त्याच्यापासून हातभर अंतरावर होती.

पुढचं शैलेंद्रला नंतरही सलग आठवलं नाही. आठवला तो स्वतःचा आवाज, चिरका, अनोळखी. "हँड्स अप! माझ्या मुलीपासून लांब हो!" रायफल खांद्याला लागलेली होती आणि तिच्या टोकापलीकडे त्या माणसाची पाठ होती.

माणसानं हात वर केले. सावकाश, दोन्ही. मग तसाच हळूहळू वळला. पंचाहत्तरीचा म्हातारा, उन्हानं रापलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. त्याच्या एका हातात पिस्तुलाचं मॅगझिन होतं, नुसतंच. पिस्तूल टेबलावर होतं, उघडं, रिकामं.

"सर," तो इंग्रजीत, अगदी शांतपणे म्हणाला, "तुमचं बोट."

शैलेंद्रनं खाली पाहिलं. त्याचं बोट ट्रिगरवर होतं. पहिला नियम तोच होता: नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर.

"बाबा, स्टॉप!" सिया किंचाळली. "ही टुक इट फ्रॉम मी! मी उचललं होतं! आय वॉज पुटिंग अ फ्लॉवर अंडर इट!"

शैलेंद्रनं रायफल खाली केली. यतीननं ती त्याच्या हातून काढून घेतली. म्हाताऱ्यानं मॅगझिन टेबलावर ठेवलं, आणि त्याच्या शेजारी, झेंडूच्या फुलाला टेकवून, एक सुटी गोळी उभी केली.

"ही नळीत होती," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मग त्यानं आपण का आलो ते सांगितलं. नाव क्रेनेक, ओढ्यापलीकडचं शेत त्याचं. कुंपण वाहून गेल्यानं त्याच्या दोन कालवडी इकडे आल्या होत्या. गोळीबार ऐकला तसा तो फाटकावर येऊन उभा राहिला आणि हॉर्न वाजवत राहिला. त्या भागातली तीच पद्धत, दुसऱ्याच्या जमिनीत न विचारता पाऊल टाकायचं नाही. पण यांच्या कानांवर आवाज अडवणारे मफ होते. बार थांबल्यावर तो ओढ्याकडून आला, झाडीतून कालवडी शोधत शेडशी पोचला, आणि पाहतो तर मुलीच्या हातात पिस्तूल. "दुसरं कुणी मोठं दिसेना," तो म्हणाला. "म्हटलं, कुणी येईतो थांबावं इथंच."

चौथा नियम त्या म्हाताऱ्यानं पाळला होता. कुणीही वाचायला न लावता.

सुमेधा पुऱ्यांचं ताट घेऊन ट्रेलरच्या दारात उभी होती. ती केव्हापासून उभी होती ते शैलेंद्रला कळलं नाही, विचारायचं धाडसही झालं नाही. तो सॉरी म्हणाला, चार-पाच वेळा, भराभर. दर वेळी तो शब्द आणखी हलका होत गेला. क्रेनेक खुर्चीवर बसला तेव्हा त्याचा गुडघा थरथरत होता, आणि तो दिसू नये म्हणून त्यानं त्यावर टोपी ठेवली. सुमेधानं पाणी दिलं ते प्याला. मग त्याची नजर भिंतीवर गेली. चष्मा काढून, पुसून, त्यानं सातही नियम वाचले.

"कुणी लिहिलंय हे?"

"मी," शैलेंद्र म्हणाला.

"चांगलं लिहिलंय," क्रेनेक म्हणाला. त्याला ते खरंच चांगलं वाटलं होतं.

निघताना सियानं त्याला रेडबडचं एक पान दिलं. हे सोनं असतं, आज सगळ्यांना द्यायचं असतं, असं तिनं इंग्रजीत समजावलं. त्यानं ते नीट टोपीच्या पट्टीत खोचलं. मग यतीननं त्याच्याबरोबर जाऊन कालवडी हाकलल्या. शैलेंद्रला कुणी चल म्हटलं नाही.

"तुमच्या गालाला कुंकू लागलंय," सुमेधा म्हणाली. रायफलीचं लागलं होतं. त्यानं चोळलं तसं ते आणखी पसरलं.

परतीच्या वाटेवर सिया रोजची बाबाच्या मागची सीट सोडून आईच्या मागे बसली. श्रीखंडाचा डबा न उघडताच घरी आला. "जाऊ दे यार, झालं नाही ना काही," यतीननं मेसेज केला, "कुणाला सांगायचं नाही, बस." ग्रुपवरच्या फोटोला तोवर चौसष्ट बदाम पडले होते. सोमवारी ऑफिसात मीटिंगच्या सुरुवातीला रिवाजाप्रमाणे दोन मिनिटं सुरक्षिततेवर बोलायची पाळी शैलेंद्रची होती. तो उभा राहिला, तोंड उघडलं, आणि पाणी प्यायच्या निमित्तानं खाली बसला. रोज झोपण्याआधी सियाच्या खोलीत तो गुड नाईट म्हणायला जायचा. ती "गुड नाईट, बाबा" म्हणायची. कूस मात्र आता भिंतीकडे असायची. त्याला शरम वाटत होती ती क्रेनेकची, सुमेधाची, यतीनचीही. पण मुलीची वाटत होती ती वेगळी. तिला त्यानं रस्ता ओलांडायला शिकवलं होतं. बाबा सांगतो म्हणजे ते सुरक्षित असतं, यावर ती इतकी वर्षं विसंबून होती.

पुढच्या शनिवारी तो माफी मागायला निघाला. बंदुका घरच्या तिजोरीत होत्या. सिया न विचारता गाडीत येऊन बसली. मागेच, पण बसली.

क्रेनेकच्या फाटकावर त्यानं गाडी उभी केली, हॉर्न वाजवला आणि खाली उतरून वाट पाहत राहिला. हात खिशात घालावेत की नाही, हेही त्याला सुचेना. त्यानं ते अंगापासून लांब, दिसतील असे धरले. सिया त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. व्हरांड्यात एक म्हातारी खुर्चीवर बसली होती. क्रेनेक घरामागून आला, संथपणे चालत फाटकापर्यंत पोचला.

"मिस्टर क्रेनेक, मी तुमच्यावर बंदूक रोखली," शैलेंद्र म्हणाला. आठवडाभर घोकलेली बाकीची वाक्यं विसरली. "तुम्ही माझी मुलगी वाचवलीत, आणि मी तुमच्यावर बंदूक रोखली. तुमच्या पत्नीलाही सांगायला हवं मला."

"नको," क्रेनेक आवाज खाली आणत म्हणाला. "डोरोथीचं हृदय नाजूक आहे, वसंतात ऑपरेशन झालंय. मला रोज त्या ओढ्यावर जावं लागतं. हे कळलं तर ती दर वेळी इथं बसून माझी वाट बघत राहील." त्यानं व्हरांड्याकडे पाहिलं. "मी तिला सांगितलंय, पलीकडचे शेजारी भले आहेत. मला बघून लांबूनच हात केला."

तेवढ्यात व्हरांड्यातल्या म्हातारीनं त्यांना ओळखलं असावं. ती खुर्चीच्या हाताला धरून कष्टानं उभी राहिली, आणि हसून, हात उंच करून, हलवत राहिली. ते सोन्याचं पान तिच्या मागच्या खिडकीच्या काचेला चिकटवलेलं होतं.

माफीचा सुटका करणारा दरवाजाही बंद झाला होता. शैलेंद्रनं हात वर केला. दुसरं काय करणार? तो हात हलवत राहिला आणि ती थांबेचना. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तेवढ्या लांबून म्हातारीला ते दिसणं शक्य नव्हतं. क्रेनेकला दिसलं. त्यानं मान वळवून गुरांकडे पाहिलं.

गाडी निघाली. हायवे आला तेव्हा मागून सियाचा आवाज आला.

"बट यू डिडन्ट वेव्ह, बाबा. त्या दिवशी."

"नाही," शैलेंद्र म्हणाला. "नाही केला हात."

सीटबेल्ट ताणत ती पुढे झुकली.

"नेक्स्ट टाइम," ती म्हणाली, "वेव्ह फर्स्ट."

"हो," तो म्हणाला.